ऐकणं, चावणं, पान उलटणं

तीन महिन्यांच्या बाळापुढे पुस्तक उघडून बसलेली आई दिसली की घरातलं कुणीतरी हमखास विचारतं, "अगं, त्याला काय कळतंय त्यातलं?" प्रश्न रास्त आहे. गोष्टीतलं त्याला काहीही कळत नाही. राजा कोण आणि राक्षस कोण हे उमगायला अजून दोन-तीन वर्षं जायची आहेत. तरीही अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने, २०१४ साली आपल्या डॉक्टरांना कळवलं की बाळाला मोठ्याने वाचून दाखवा, आणि तेही जन्मापासून, असं पालकांना सांगत जा. कळत नसताना वाचायचं ते कशासाठी आणि कसं, हे पहिल्या वर्षाच्या क्रमाने पाहू. त्यासाठी आपल्याला बालशिक्षणाची माहिती असायला हवी असं नाही. सफाईदार वाचता येत नसलं तरी चालतं.

सुरुवात कानापासून, आणि ती जन्माच्या आधीच होते. गर्भातलं बाळ साधारण सहाव्या-सातव्या महिन्यापासून आवाजाला प्रतिसाद देऊ लागतं. बाहेरचं बोलणं त्याच्यापर्यंत पोचतं ते डोक्यावरून गोधडी ओढून घेतल्यावर आपल्याला ऐकू यावं तसं. शब्द पुसट होतात. चाल, ठेका, आवाजाचा चढउतार पोचतो. आईचा आवाज त्यातल्या त्यात स्पष्ट, कारण तो तिच्या शरीरातूनच येतो.

१९८६ साली अँथनी डीकॅस्पर आणि मेलनी स्पेन्स या अमेरिकी संशोधकांनी काही गरोदर स्त्रियांना शेवटचे सहा आठवडे एकच उतारा रोज मोठ्याने वाचायला सांगितला. बाळं जन्मल्यावर त्यांच्या तोंडात चोखणी दिली आणि चोखण्याच्या लयीप्रमाणे कानावर पडणारा उतारा बदलेल अशी व्यवस्था केली. दोन-तीन दिवसांची ती बाळं ओळखीचा उतारा ऐकू येईल अशा बेताने चोखू लागली. वाचणारा आवाज परक्या बाईचा असला तरीही! पोटात ऐकलेला ठेका त्यांच्या लक्षात राहिला होता.

यावरून पोटाला हेडफोन लावून गर्भसंस्काराच्या ध्वनिफिती ऐकवायच्या, असा निष्कर्ष काढू नये. त्याने बाळ हुशार होतं याला आधार नाही, आणि पोटाला चिकटवून लावलेला आवाज गरजेपेक्षा मोठाही होऊ शकतो. आईने रोज काहीतरी आपल्या आवाजात वाचलं, मग ती पेपरमधली बातमी का असेना, तरी पुरे.

आता बाळ घरी आलं. पहिल्या दोन महिन्यांत वाचण्यापेक्षा वेळ निवडणं अवघड. बाळ झोपलेलं असतं, रडत असतं, पीत असतं. आणि मधेच थोडा वेळ ते जागं, स्वस्थ, टक लावून पाहत पडलेलं असतं. डोळे चमकदार, हातपाय शांत. या अवस्थेला शांत जागेपण म्हणतात. वाचायचं ते या वेळात. आपल्याकडे तेल लावून, न्हाऊ घालून झालं की बाळ गाढ झोपी जातं, म्हणून पुष्कळजण न्हाणं उरकताच पुस्तक काढतात आणि मग म्हणतात, आमचं बाळ ऐकतच नाही. दूध पिऊन, ढेकर काढून झाल्यावर ते थोडं टवटवीत असेल तेव्हा पाहा.

बाळाला कुशीत किंवा मांडीवर असं घ्या की आपला चेहरा त्याच्यापासून एक-दीड वितीवर राहील. नवजात बाळाला वीस ते तीस सेंटीमीटरवरचंच त्यातल्या त्यात स्पष्ट दिसतं. पलीकडे सगळं धूसर. त्यामुळे या वयात पुस्तक त्याला दाखवायची गरज नसते. ते आपल्यासाठी असतं, त्याच्यासाठी आपला चेहरा असतो. चित्र दाखवायचंच असेल तर पांढऱ्यावर काळं, ठळक, मोठं. फिक्या गुलाबी-निळ्या रंगातली नाजूक चित्रं मोठ्यांना आवडतात, बाळाच्या डोळ्यांना ती पेलत नाहीत.

मग वाचायचं काय? काहीही. आजोबा पोथी वाचत असतील तर त्यांच्या मांडीवर द्या. मात्र निवड करायची झाली तर, माझ्या मते, ज्याला ठेका आहे ते आधी घ्यावं: ओव्या, अभंग, अंगाई, बडबडगीतं. बाळाच्या कानाला अर्थ पकडता येत नाही, लय येते.

दोन-तीन मिनिटं पुष्कळ झाली. बाळाने मान वळवली, जांभई दिली, पाठ ताणली, मुठी आवळल्या की त्याचं ऐकून झालं. इथे एक चूक जवळजवळ सगळे करतात. बाळाने तोंड फिरवलं की आपण आणखी जवळ जातो, आवाज चढवतो, "इकडे बघ, इकडे बघ" सुरू करतो. नजर वळवणं हा त्याच्याजवळचा आपल्याला थांबवण्याचा उपाय आहे. तो मानावा. थोड्या वेळाने ते आपण होऊन परत पाहील, नाही पाहिलं तर उद्या.

आवाज कसा लावायचा हे शिकवावं लागत नाही. बाळासमोर बसलं की जगातल्या बहुतेक भाषांतली माणसं आवाज उंच करतात, सावकाश बोलतात, स्वर लांबवतात. या बोलण्याला आपण लाडबोली म्हणू. प्रयोगांत असं दिसलं आहे की साध्या बोलण्यापेक्षा बाळं या बोलण्याकडे जास्त लक्ष देतात. वडीलमंडळींना, विशेषतः चारचौघांत, याचा संकोच वाटतो. तो दोन दिवसांत जातो. लाडबोलीचा अर्थ शब्द मोडणं असा मात्र घेऊ नये. सूर लाडाचा असावा, शब्द धड असावेत. 'मम्मम', 'भू', 'हम्मा', 'चिऊ' हे बाळासाठीचे खास शब्द आहेत, ते खुशाल वापरा. पण 'गाडी'ला 'दादी' करण्यात काही फायदा नाही.

शब्द धड हवेत याला कारण आहे. जन्मलेलं बाळ जगातल्या कुठल्याही भाषेतले बारीक फरक ऐकू शकतं. १९८४ साली कॅनडातल्या जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले दोन आवाज ऐकवले: दातांवर जीभ टेकवून येणारा त आणि टाळूला जीभ लावून येणारा ट. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना फरक ओळखू आला. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांतल्या बहुतेकांना येईना, कारण घरात तो फरक कधी कानी पडलाच नव्हता. हिंदी घरांतल्या तेवढ्याच बाळांना मात्र तो ओळखू येत होता. मराठीतही त आणि ट आहेत, न आणि ण, ल आणि ळ आहेत, 'चमचा'तला च वेगळा आणि 'चहा'तला वेगळा. हे सगळं पहिल्या वर्षातच कानावरून जायला हवं. परदेशात किंवा परप्रांतात राहणाऱ्या मराठी घरांनी तर हा मुद्दा जरूर लक्षात घ्यावा. तिथे रस्त्यावर मराठी नसते, ती घरातूनच मिळते.

दोन महिन्यांनंतर बाळ हसतं, हुंकार देतं, 'अग्गं', 'ऊं' करू लागतं. इथून पुढे वाचनाची खरी गंमत सुरू होते आणि इथेच ती सर्वांत जास्त फसते. आपण वाचत सुटतो. एक ओळ, दुसरी ओळ, पान संपलं, पुस्तक संपलं. बाळाला मधे बोलायला जागाच राहत नाही.

करायचं ते असं. एक ओळ वाचा आणि थांबा. पुस्तकाकडे नाही, बाळाकडे पाहा. मनात पाचपर्यंत मोजा, कारण मोठ्या माणसाला एका क्षणात सुचणारं उत्तर बाळाला जमवायला वेळ लागतो. आधी त्याचे पाय हलतील, मग तोंड उघडेल, मग कधी आवाज येईल, कधी येणार नाही. आलाच तर त्याला उत्तर द्या: "हो का? असं झालं?" मग पुढची ओळ. आपण बोललो, ते बोललं, पुन्हा आपण. संभाषणात पाळीपाळीने बोलायचं असतं हे बाळ अशा वेळी शिकत असतं, शब्द येण्याच्या कितीतरी आधी. पाच पानांचं पुस्तक न थांबता संपवण्यापेक्षा एकाच पानावर बाळाशी अशा चार फेऱ्या झाल्या तर मी ते वाचन चांगलं झालं म्हणेन.

थांबणं सुरुवातीला अवघडल्यासारखं वाटतं. घरात टीव्ही चालू असेल तर ते जमतच नाही, कारण शांतता भरून काढायला मालिकेतली सासू असते. वाचताना टीव्ही बंद असावा, निदान त्या खोलीत तरी.

चौथ्या-पाचव्या महिन्यात बाळाचा हात पुस्तकाकडे येतो आणि हातातून ते थेट तोंडात जातं. पुष्कळ घरांत या टप्प्यावर पुस्तक कपाटात जातं ते दोन वर्षांनी निघतं. बाळ पुस्तक चावतं कारण या वयात वस्तू ओळखण्याचं त्याचं मुख्य साधन तोंडच असतं. त्याला रागावून काही होत नाही. चावता येईल असं पुस्तक द्यावं.

साधं कागदी पुस्तक या वयात बाळाच्या हाती देऊ नये, ते आपल्याच हातात ठेवावं. ओला झालेला कागदाचा तुकडा टाळूला चिकटतो, घशात अडकू शकतो. त्याहून धोक्याची ती मधली पिन. आपल्याकडची स्वस्त बालपुस्तकं बहुधा मधोमध दोन पिना मारून बांधलेली असतात. त्या सैल होऊन निघतात आणि बाळाच्या बोटांना नेमक्या सापडतात. पुस्तक आणल्यावर पिना काढून टाका आणि त्याच भोकांतून जाड दोऱ्याचे चार टाके घाला. दहा मिनिटांचं काम आहे.

बाळाच्या हाती द्यायला जाड पुठ्ठ्याच्या पानांची किंवा कापडी पुस्तकं असतात. कापडी पुस्तक धुता येतं हा त्याचा मोठा गुण. पुठ्ठ्याची पुस्तकं इंग्रजीत भरपूर मिळतात, मराठीत त्या मानाने कमी. इंग्रजी पुस्तक घेतलं म्हणून इंग्रजीच वाचायला हवं असं नाही. चित्रातला कुत्रा मराठीतही कुत्राच असतो. अक्षरांकडे दुर्लक्ष करून चित्रावरून आपल्या भाषेत सांगा. प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ साली सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी पुस्तकंही मोफत उतरवून घेता येतात. हवी ती पानं छापून पुठ्ठ्यावर चिकटवली की झालं.

घरी पुस्तक करणं तर फारच सोपं. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा किंवा जुन्या जाड लग्नपत्रिका घ्या. बाळाच्या दोन्ही हातांत मावतील एवढी, साधारण पोस्टकार्डाच्या आकाराची सहा-आठ पानं कापा. कोपरे गोल करा, नाहीतर ते डोळ्यात जातात. प्रत्येक पानावर एकच चित्र: आजीचा फोटो, घरातलं मांजर, वाटी-चमचा, केळं. चिकटवायला मैद्याची खळ उत्तम, कारण बाळ ती चाटणारच आहे. दाभणाने भोकं पाडून जाड सुताने शिवा आणि दोऱ्याची टोकं आखूड ठेवा. टिकल्या, मणी, चमकी, सेलोटेप यांतलं काहीही लावू नका. खळ पूर्ण वाळू द्या. पावसाळ्यात ती वाळत नाही आणि बुरशी धरते, तेव्हा मे महिन्यातच चार पुस्तकं करून ठेवलेली बरी. ओळखीचे चेहरे असलेलं हे पुस्तक बाजारच्या पुस्तकापेक्षा जास्त चावलं जातं असा माझा अनुभव आहे.

सहाव्या महिन्यानंतर बाळ आधाराने आणि मग आधाराशिवाय बसतं. आता त्याला मांडीवर पाठमोरं बसवून दोघांनी मिळून चित्र पाहता येतं. अधूनमधून समोर बसवा, म्हणजे त्याला आपला चेहराही दिसतो. या वयात बाळ पानावर थापटतं, नखाने खरवडतं, चित्रातली वस्तू चिमटीत धरून उचलू पाहतं. ज्यूडी डीलोशे या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ महिन्यांच्या बाळांमध्ये हे पाहिलं आणि १९९८ साली त्यावर लिहिलं. चित्र म्हणजे वस्तू नव्हे, हे बाळ हात लावून लावूनच शिकतं. दीड वर्षाच्या आसपास चित्र उचलू पाहणं सुटतं आणि त्याकडे नुसतं बोट दाखवणं उरतं. म्हणून "नीट बस, हात लावू नको" असं सांगून त्याचा अभ्यास थांबवू नका.

वाचायचं म्हणजे छापलेलंच वाचायचं असंही नाही. "हे बघ मांजर. आपल्या मनीसारखं. शेपूट केवढी!" हे वाचनच आहे. आणि तेच पुस्तक विसाव्यांदा आलं तरी कंटाळा दाखवू नका. कंटाळा आपला असतो, बाळाला पुढे काय येणार हे ओळखता येण्याचा आनंद असतो. चिऊ-काऊची गोष्ट एवढी टिकली ती अशाच पुन्हा पुन्हा येणाऱ्या संवादामुळे. शेणाच्या आणि मेणाच्या घराची ही गोष्ट तेराव्या शतकातल्या 'लीळाचरित्रा'तही आहे.

वाचताना आणखी एक गोष्ट आपोआप लक्षात येते, ती म्हणजे बाळाला ऐकू येतं की नाही. मोठ्या आवाजाला ते दचकतं का? सहा महिन्यांच्या सुमारास बाजूने हाक मारली तर मान वळवतं का? नऊ-दहा महिन्यांत 'बाबाबा', 'ददद' असे आवाज काढतं का? यांतलं एखादं उत्तर नाही आलं तर "आमच्याकडची मुलं उशिराच बोलतात" म्हणून थांबू नका, डॉक्टरांना सांगा. नवजात बाळाच्या कानाची तपासणी कानात छोटी नळी ठेवून झोपेतच होते आणि दुखत नाही. ती पहिल्या महिन्यात व्हावी, दोष असल्यास त्याचं निदान तीन महिन्यांच्या आत आणि उपाय सहा महिन्यांच्या आत सुरू व्हावेत, असा दंडक आहे. प्रसूती झाली तिथे तपासणी झाली नसेल तर जिल्हा रुग्णालयात किंवा अंगणवाडीत येणाऱ्या तपासणी पथकाकडे विचारा. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर वाढीच्या टप्प्यांचे महिने त्याच्या अपेक्षित जन्मतारखेपासून मोजावेत.

नवव्या महिन्यानंतर बाळ बोट दाखवतं. आपण पाहतो त्याकडे ते पाहतं, आणि आपण पाहिलं ना, याची खात्री करायला परत आपल्या तोंडाकडे पाहतं. याला सहलक्ष म्हणतात: दोघांचं लक्ष एकाच गोष्टीवर. शब्द चिकटतात ते या क्षणी. म्हणून बोट त्याचं असावं आणि नाव आपण सांगावं. आपल्याला हत्ती दाखवायचा आहे आणि ते कोपऱ्यातल्या मुंगीवर बोट ठेवून बसलं आहे, तर मुंगी म्हणा. हत्ती कुठे जात नाही.

पान उलटण्याचं कामही आता त्याच्याकडे द्या. ते तीन पानं एकदम उलटेल, मागे जाईल, पुस्तक उलटं धरेल. गोष्ट तुटते, तुटू द्या.

"मग फोनवर गोष्ट लावली तर?" हा प्रश्न येतोच. संशोधक पॅट्रिशिया कूल यांनी २००३ साली नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांवर केलेला प्रयोग इथे सांगायला हवा. चिनी बोलणाऱ्या व्यक्तींनी बाळांसमोर बसून बारा बैठकांत चिनी पुस्तकं वाचली, खेळणी खेळली. त्या बाळांना चिनीतले आवाज वेगळे ओळखू येऊ लागले. दुसऱ्या गटाला त्याच व्यक्तींचं तेच बोलणं पडद्यावर दाखवलं, तर त्यांना काहीच आलं नाही. पडदा बाळासाठी थांबत नाही, त्याच्या हुंकाराला उत्तर देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ च्या मार्गदर्शनात दोन वर्षांखालच्या मुलांसाठी पडदा नको असंच म्हटलं आहे. परगावच्या आजीशी व्हिडिओवर बोलणं मात्र मी यात धरत नाही. आजी थांबते आणि उत्तर देते.

शेवटची नेहमीची चूक म्हणजे परीक्षा घेणं. बाळ वर्षाचं व्हायच्या आत भिंतीवर मुळाक्षरांचा तक्ता लागतो आणि पाहुण्यांसमोर "हे काय? सांग, सांग" सुरू होतं. या वयात तक्ते आणि चित्रपत्ते यांचा उपयोग शून्य आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. विचारायचंच असेल तर "भू भू कुठेय?" विचारा, पाच मोजा, आणि नाही दाखवलं तर आपणच दाखवा.

आजीला वाचता येत नसेल तरी तिला पुस्तक द्या, ती चित्रावरून सांगेल. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी, घरात जी बोली असेल तीच वापरा. आई कानडी आणि बाबा मराठी असतील तर दोघांनी आपापल्या भाषेत सांगावं. दोन भाषांनी बाळ गोंधळत नाही. आणि रोज जमलंच पाहिजे असा हट्ट नको. आजारपण, दात येणं, प्रवास यांत खाडे पडतात. पुन्हा सुरू करता येतं.

पुढच्या वेळी कुणाच्या बारशाला जाल तेव्हा झबल्या-टोपड्यासोबत एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक न्या. देण्याआधी त्याला पिना नाहीत ना, एवढं पाहून घ्या.